बस चुकली, हजेरी बुडाली

परदेश म्हटले की आपल्या वस्तीत विमानाचीच चर्चा होते. तिकीट किती, सामान किती किलो, मुंबईहून किती वाजता उडते, सारे विचारून होते. पण तिथे उतरल्यावर रोज कामावर जायचे कशाने, हे कोणी विचारत नाही. इंग्लंडला जाणाऱ्या कष्टकऱ्याच्या मुलामुलींनी हा प्रश्न आधी विचारला पाहिजे.

माझी एक भाची २०२३ साली वृद्धांच्या घरोघरी जाऊन सेवा करण्याच्या नोकरीवर इंग्लंडमधील एका लहान गावी गेली. सकाळी सातला पहिल्या घरी हजर व्हायचे आणि गावातली पहिली बस सव्वासातला! रविवारी तर नऊपर्यंत बसच नाही. संध्याकाळी तासाला एक गाडी. ती आली नाही तर आणखी तासभर उभे राहा. डिसेंबरात तिथे चार वाजताच अंधार पडतो. "मामा, इथे हात केला नाही तर ड्रायव्हर गाडी थांबवीत नाही. कंडक्टर नसतोच, मग विचारायचे कोणाला?" असे ती फोनवर सांगे. दोनदा उशीर झाला, तशी एजन्सीने तिची कामाची घरे कमी केली. घरे कमी म्हणजे पगार कमी. इकडचे कर्ज मात्र तेवढेच. शिवाय व्हिसा मालकाशी बांधलेला. काम सुटले तर दुसरा मालक शोधायला साधारण ६० दिवस मिळतात. म्हणून ती पहाटे पाच किलोमीटर चालत जाऊ लागली.

एवढ्या श्रीमंत देशात असे का? तेथील १९८५ च्या कायद्याने ऑक्टोबर १९८६ पासून लंडनबाहेरची बससेवा खासगी कंपन्यांच्या स्पर्धेवर सोडली. गर्दीच्या मार्गांवर कंपन्या धावल्या. जिथे उतारू थोडे, तिथे स्थानिक कौन्सिलने पैसे भरले तरच गाडी. कौन्सिलला पैशांची चणचण भासली की पहाटेच्या, रात्रीच्या, रविवारच्या फेऱ्यांवर गदा येते. या फेऱ्या कोणाच्या? इस्पितळात, गोदामात, झाडलोटीच्या कामावर जाणाऱ्यांच्या!

लंडनमध्ये मात्र गाड्या खासगी कंपन्या चालवीत असल्या तरी मार्ग, वेळा आणि भाडे सरकारी संस्थेच्या हाती राहिले. तिथला पाहुणा येऊन इंग्लंडच्या बसची वाखाणणी करतो, ती लंडनची असते. मँचेस्टर परिसराने सप्टेंबर २०२३ ते जानेवारी २०२५ या काळात बससेवा टप्प्याटप्प्याने पुन्हा सार्वजनिक नियंत्रणाखाली आणली. म्हणजे मनावर घेतले तर हे होऊ शकते. सरकारने २०२३ साली इंग्लंडमध्ये एका प्रवासाचे भाडे जास्तीत जास्त दोन पौंड केले आणि जानेवारी २०२५ पासून ती मर्यादा तीन पौंडांवर नेली. दिलासा खरा, पण जी बस येतच नाही तिचे भाडे कमी असून काय उपयोग?

परदेशातून सेवाकर्मी नेण्याचा तो मार्ग जुलै २०२५ मध्ये नव्या अर्जदारांना बंद झाला. तरी नर्स म्हणून, शिक्षणासाठी आपली मुले जातच आहेत. त्यांनी काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. खोली घेण्यापूर्वी पहिली आणि शेवटची बस कितीला, रविवारी आहे का, हे वेळापत्रकात पाहावे. नाताळच्या दिवशी बहुतेक ठिकाणी बस बंद असते. त्या दिवशी पाळी लागली तर कसे न्याल, हे मालकाला आधीच विचारावे. आपले वाहन परवानापत्र तिथे राहायला लागल्यापासून १२ महिनेच चालते, पुढे तिथली परीक्षा द्यावी लागते. तिची तारीख मिळायला महिने लागतात, तेव्हा सुरुवातीलाच खटपट करावी. आणि कामाच्या एका घरातून दुसऱ्या घरी जाण्याचा वेळ किमान वेतनासाठी धरलाच पाहिजे, असा तिथला नियम आहे. आपल्या खोलीपासून पहिल्या कामापर्यंतचा वेळ मात्र त्यात येत नाही. पगाराची चिठ्ठी हाती आली की हा हिशेब मुकाट्याने न सोडता तपासावा.

विमान एकदा पकडायचे असते, बस रोज पकडावी लागते. पालकांनी कर्जाच्या कागदावर सही करण्यापूर्वी त्या गावच्या बसचे वेळापत्रक मुलांकडून वाचून घ्यावे.