दर ठरवतो कोण?

श्रीमंत देशांच्या आरोग्यखर्चाचे आकडे दरवर्षी प्रसिद्ध होतात आणि दरवर्षी त्यात एक देश बाकीच्यांपासून फटकून उभा असतो. अमेरिकेने 2023 मध्ये आरोग्यसेवेवर 4.9 लाख कोटी डॉलर खर्च केले. माणशी 14,570 डॉलर. आपल्या हिशेबात वर्षाला सुमारे 12 लाख रुपये. देशाच्या सकल उत्पादनाचा हा 17.6 टक्के हिस्सा होतो. जर्मनी, फ्रान्स, स्वित्झर्लंड बारा टक्क्यांच्या आसपास आहेत, जपान आणि ब्रिटन अकराच्या. आणि एवढा पैसा ओतून त्या वर्षी अमेरिकेतलं सरासरी आयुर्मान होतं 78.4 वर्षं. जपान आणि स्वित्झर्लंडमध्ये ते 84 च्या घरात आहे.

हे पूर्वापार असं नव्हतं. 1980 च्या सुमारास अमेरिकेचा आरोग्यखर्च नऊ टक्क्यांच्या जवळ होता आणि जर्मनी, स्वीडन तिच्यापासून फार मागे नव्हते. आयुर्मानातही दरी नव्हती. 1960 मध्ये तर जपानी माणूस अमेरिकी माणसापेक्षा सरासरी दोन वर्षं कमी जगत होता. 1980 नंतरच्या चार दशकांत खर्चाची रेघ वर गेली आणि आयुष्याची रेघ मागे पडली. त्या काळात घडलं काय, हा माझ्या मते आजच्या आरोग्य-अर्थशास्त्रातला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे.

एक उत्तर लगेच दिलं जातं: अमेरिकी लोक ऊठसूट डॉक्टरकडे जातात, म्हणून खर्च वाढतो. हे चूक आहे. अमेरिकी माणूस वर्षाला साधारण चार वेळा डॉक्टरकडे जातो, जर्मन माणूस नऊ-दहा वेळा, जपानी त्याहूनही जास्त. लोकसंख्येच्या मानाने अमेरिकेत डॉक्टरही कमी आहेत आणि रुग्णालयातले मुक्कामही छोटे आहेत. 2003 मध्ये जेरार्ड अँडरसन, उवे राइनहार्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका शोधनिबंधात हे सगळं मांडलं आणि उत्तर शीर्षकातच देऊन टाकलं: किमती. अमेरिका जास्त उपचार घेत नाही, तेच उपचार जास्त किमतीला घेते. राइनहार्ट मूळचे जर्मन, आयुष्यभर प्रिन्स्टनला शिकवत राहिले, 2017 मध्ये गेले. त्यांच्या सहकाऱ्यांनी 2019 मध्ये पुन्हा हिशेब मांडला, तेव्हाही उत्तर तेच निघालं.

आयुर्मानाबद्दल मात्र सावधपणे बोललं पाहिजे, कारण माणूस किती जगतो हे एकट्या दवाखान्यावर ठरत नाही. अमेरिकेत 2023 मध्ये बंदुकांनी पंचेचाळीस हजारांहून जास्त माणसं मेली. अमली पदार्थांच्या अतिसेवनाने 2021 पासून सलग तीन वर्षं दरवर्षी लाखावर बळी घेतले. लठ्ठपणा आहे, रस्त्यावरचे अपघात आहेत. याचं खापर डॉक्टरांवर फोडणं अन्यायाचं होईल. उलट स्तनाच्या कर्करोगातून पाच वर्षांनंतरही जिवंत असणाऱ्या स्त्रियांचं प्रमाण अमेरिकेत जगातल्या सर्वोत्तम देशांच्या बरोबरीचं आहे. तिथलं वैद्यकीय ज्ञान कमी नाही, शल्यविशारद कमी नाहीत.

म्हणून मी बाळंतपणाकडे बघतो. तिथे बंदुकीची सबब चालत नाही. 2023 मध्ये अमेरिकेत दर लाख जिवंत जन्मांमागे 18.6 मातांचा मृत्यू झाला. कृष्णवर्णीय स्त्रियांमध्ये 50.3. नॉर्वेसारख्या देशात हा आकडा पाचाच्या आत असतो. अमेरिकेतल्याच मृत्यू-परीक्षण समित्यांचं मत असं, की यातले 80 टक्क्यांहून अधिक मृत्यू टाळता आले असते. बरेचसे मृत्यू बाळंतपणानंतरच्या दिवसांत, आई घरी गेल्यावर होतात. नेदरलँड्समध्ये मूल जन्मल्यावर प्रशिक्षित बाई आठवडाभर घरी येते: आईचा ताप, रक्तस्राव, टाके बघते, बाळाला पाजायला शिकवते, घरातलं थोडंफार आवरूनही देते. हे सगळं मूलभूत विम्यात बसतं. अमेरिकेत असं काही नाही आणि देशभर लागू असलेली भरपगारी बाळंतपणाची रजाही नाही.

तिथे आपल्या मराठी घरांमध्ये हे काम कोण करतं, ते आपण जाणतो. पुण्याहून, नाशिकहून, कोल्हापुरातून आई सहा महिन्यांचा व्हिसा घेऊन लेकीच्या बाळंतपणाला न्यू जर्सीला जाते. बॅगेत डिंकाचे लाडू असतात, अळीव असतात आणि स्वतःच्या रक्तदाबाच्या सहा महिने पुरतील एवढ्या गोळ्या असतात. प्रवासी विमा काढलेला असतो, पण जुन्या आजारांना तो बहुतेकदा पुरा पडत नाही, म्हणून ती मनातून घाबरलेली असते. जगातल्या सर्वांत जास्त खर्च करणाऱ्या आरोग्यव्यवस्थेची उणीव साठीतली एक बाई आपल्या हातांनी भरून काढते. मला त्या आईचं कौतुक वाटतं आणि त्या व्यवस्थेचा राग येतो.

किमतींकडे परत येऊ. इन्शुलिनचा शोध टोरोंटोत लागला आणि 1923 मध्ये संशोधक बँटिंग, बेस्ट आणि कॉलिप यांनी त्याचं पेटंट विद्यापीठाला प्रत्येकी एका डॉलरला देऊन टाकलं. जवळपास शतकानंतर, 2018 च्या किमतींवर रँड या संस्थेने तुलना केली: कंपनीच्या छापील दराने इन्शुलिनचं एक प्रमाणित एकक अमेरिकेत सरासरी 98.70 डॉलरला, ब्रिटनमध्ये 7.52 ला, जपानमध्ये 14.40 ला. विमा कंपन्यांना मिळणाऱ्या सवलती धरल्या तरी तफावत मोठीच राहते. औषध तेच, बनवणाऱ्या कंपन्याही बहुतांशी त्याच. फरक इतकाच, की ब्रिटन आणि जपानमध्ये देशाच्या वतीने कोणीतरी टेबलाच्या पलीकडे बसून दर ठरवतं. अमेरिकेत ज्येष्ठांच्या ‘मेडिकेअर’ योजनेला औषध कंपन्यांशी दराची घासाघीस करायला 2003 च्या कायद्याने चक्क बंदी घातली होती. ती बंदी 2022 मध्ये शिथिल झाली आणि घासाघीस केलेले पहिल्या दहा औषधांचे दर 2026 च्या जानेवारीत लागू झाले. एवढ्या साध्या गोष्टीला दोन दशकांहून अधिक काळ गेला.

यावर आपल्याकडे लगेच सरकारी विरुद्ध खाजगी असा वाद सुरू होतो. तो वाद इथे उपयोगाचा नाही आणि जपान हा त्याचा पुरावा आहे. जपानमधली सुमारे 80 टक्के रुग्णालयं खाजगी आहेत, दवाखाने डॉक्टरांच्या स्वतःच्या मालकीचे आहेत, रुग्ण हवा तो डॉक्टर निवडतो. विमा देणाऱ्या संस्था हजारांवर आहेत. पण दरपत्रक सगळ्या देशात एकच. प्रत्येक तपासणीला, शस्त्रक्रियेला, टाक्याला गुण ठरलेले आणि एका गुणाचे दहा येन. डॉक्टर, विमा संस्था आणि लोकहिताचे प्रतिनिधी एकत्र बसून दर दोन वर्षांनी हे दरपत्रक सुधारतात. 2024 च्या सुधारणेत पहिल्या भेटीची फी 291 गुण ठरली, म्हणजे 2,910 येन, सोळा-सतराशे रुपये. त्यातले 30 टक्के रुग्ण देतो, बाकी विमा. मोठ्या आजारात रुग्णाच्या खिशातून महिन्याला किती जाऊ द्यायचं यालाही मर्यादा आहे. मध्यम उत्पन्नाच्या माणसाला ती साधारण 80 हजार येनच्या आसपास पडत आली आहे. 2002 मध्ये एमआरआय महाग वाटू लागला तेव्हा त्याचा दर एका फटक्यात तिसऱ्या हिश्शाने उतरवला गेला. एमआरआय बंद पडले नाहीत. लोकसंख्येच्या मानाने आजही सर्वांत जास्त यंत्रं जपानमध्येच आहेत.

स्वित्झर्लंडमध्ये तर विमा पूर्णपणे खाजगी कंपन्यांचा आहे. पण 1996 पासून तो प्रत्येकाला सक्तीचा आहे आणि मूलभूत विम्यावर कंपनीला नफा घेता येत नाही.

या देशांत सगळं आलबेल नाही. जपानमध्ये तीन तास थांबायचं आणि तीन मिनिटं तपासून घ्यायचं, अशी लोकांची तक्रार जुनीच आहे. डॉक्टरांचे कामाचे तास एवढे बेसुमार, की 2024 च्या एप्रिलपासून जादा कामावर मर्यादा आणावी लागली आणि तीही काही ठिकाणी वर्षाला 1,860 तासांची. इंग्लंडच्या राष्ट्रीय आरोग्यसेवेची प्रतीक्षायादी 2023 च्या सप्टेंबरात 77 लाखांवर गेली होती. गुडघेदुखी घेऊन वर्षभर थांबणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला स्वस्त सेवेचे आकडे सांगून उपयोग नाही. दर फार खाली दाबले की त्याची किंमत रुग्णाचा वेळ आणि परिचारिकेची पाठ मोजते. पण ब्रिटनमध्ये कर्करोगाच्या रुग्णाला रुग्णालयाचं बिल भागवायला घर विकावं लागत नाही. अमेरिकेत लोकांच्या डोक्यावर निदान 220 अब्ज डॉलरचं वैद्यकीय कर्ज आहे. थांबणं आणि कर्जबाजारी होणं, या दोन दुःखांना मी एका मापाने मोजायला तयार नाही.

महाराष्ट्राने या वादात फक्त प्रेक्षक म्हणून बसायचं कारण नाही. फेब्रुवारी 2017 मध्ये केंद्राने हृदयाच्या स्टेंटची कमाल किंमत ठरवली: औषधयुक्त स्टेंट 29,600 रुपये. त्याआधी त्यासाठी लाखाच्या वर मोजणारी कुटुंबं आपल्या ओळखीत होती. मे 2020 मध्ये राज्य सरकारने खाजगी रुग्णालयांसाठी कोविडचे दर बांधून दिले: साध्या विलगीकरण कक्षाला दिवसाला 4,000 रुपये, अतिदक्षता विभागाला 7,500, व्हेंटिलेटरसह 9,000. अंमलबजावणीत तक्रारी झाल्या, पण त्या तक्रारी करता आल्या त्या दर लिहून ठेवला होता म्हणून. आज मात्र सगळी चर्चा विम्याच्या कार्डाभोवती फिरते: रक्कम वाढवा, कुटुंबं वाढवा. दर मोकळा ठेवून विमा वाढवत नेला तर काय होतं, याचा चाळीस वर्षांचा प्रयोग अमेरिकेने स्वतःवर करून दाखवला आहे. तो आपण पुन्हा करू नये.

सुरुवात अगदी हाताशी आहे. राज्याच्या शुश्रूषागृह नोंदणी नियमांत 2021 मध्ये दुरुस्ती झाली आणि खाजगी रुग्णालयांना दरफलक व रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावणं बंधनकारक झालं. पुढच्या वेळी नातेवाइकाला भेटायला रुग्णालयात जाल तेव्हा तो फलक शोधा. दिसला नाही तर व्यवस्थापनाकडे मागा, आणि तरीही लावला नाही तर महापालिकेच्या किंवा जिल्ह्याच्या आरोग्य अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार द्या.