रात्री उशिरा मांडलेले पान

अम्लपित्ताची तक्रार असलेला मनुष्य आपल्याकडे भेटेल त्याला बहुधा एकच प्रश्न विचारतो, की यावर काय घेऊ? शेजारीण त्याला धण्या-जिऱ्याचे पाणी सुचविते, कचेरीतला सहकारी खिशातली गोळी काढून देतो, गावाहून आलेली आत्या मोरावळ्याची बरणी पुढे सरकविते, आणि औषधाच्या दुकानातला मुलगा कसलीही चिठ्ठी न मागता कॅप्सुलांची पट्टी कापून हाती ठेवतो. या सर्वांच्या सद्हेतूविषयी शंका घेण्याचे काही कारण नाही; परंतु ‘रात्री किती वाजता जेवता?’ हे त्यांपैकी कोणीही विचारीत नाही, आणि माझ्या मते या व्याधीच्या निदानाचा निम्मा भाग त्या न विचारलेल्या प्रश्नातच अडकून पडलेला असतो.

जठरात आम्ल असणे हा जठराचा दोष नव्हे. ते हायड्रोक्लोरिक आम्लच होय असे विल्यम प्राउट या इंग्रज वैद्याने 1824 साली दाखवून दिले. अन्नातील प्रथिनांचे विघटन आणि अन्नाबरोबर आत शिरणाऱ्या जंतूंचा नायनाट ही दोन्ही कामे या आम्लावाचून नीट होत नाहीत, आणि जठराचे अस्तर त्याला तोंड देण्याच्या तयारीनेच घडलेले असते. अन्ननलिकेला मात्र तसे संरक्षण नाही. तिच्या आणि जठराच्या सांध्यावर स्नायूंचे एक कडे आहे, जे घास गिळताना उघडते आणि एरवी बहुतांशी मिटलेले राहते. पोट तुडुंब भरले, तळलेले आणि तुपातेलात थबथबलेले अन्न जठरात रेंगाळत राहिले, तंबाखूने वा मद्याने ते कडे सैलावले, अथवा सुटलेल्या पोटाचा आणि वर करकचून आवळलेल्या पट्ट्याचा दाब खालून वाढला, म्हणजे आम्ल वर चढते आणि छातीत जळजळ सुरू होते. दिवसा शरीर उभे किंवा बसलेले असल्यामुळे हे आम्ल आपल्या भारानेच खाली उतरते, आणि क्षणाक्षणाला नकळत गिळली जाणारी लाळ, जिच्यात आम्लाचा जोर मोडण्याचा गुण आहे, अन्ननलिका धुऊन काढीत असते. झोपेत हा सारा बंदोबस्त उठतो. लाळ सुटणे मंदावते, गिळणे जवळजवळ थांबते, देह आडवा होतो, आणि जे जेवण जठरातून पुढे सरकण्यास तीन-चार तास, स्निग्ध असल्यास त्याहूनही अधिक, लागावयाचे असतात, ते सगळेच्या सगळे त्या सैल कड्याच्या तोंडाशी येऊन थांबते. साडेदहाला जेवून अकराला अंथरुणावर पाठ टेकणाऱ्या मनुष्याने रात्री दोन वाजता घशाशी आंबट येऊन जाग आल्यावर दोष भाजीतल्या मिरचीला द्यावा, हा त्या मिरचीवर उघड अन्याय आहे. जपानमधील संशोधकांनी 2005 साली जेवण आणि निद्रा यांमधील अंतराचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यातही हे अंतर तीन तासांहून कमी ठेवणाऱ्यांत ही व्याधी, चार तास वा अधिक ठेवणाऱ्यांच्या मानाने, कितीतरी अधिक आढळली होती.

आपल्या पूर्वसूरींना या स्नायूंच्या कड्याचे शारीर ठाऊक नसेल, परंतु त्याचे वर्तन त्यांनी बारकाईने पाहिले होते, असे त्यांच्या नियमांवरून म्हणावे लागते. माधवनिदानात अम्लपित्ताला स्वतंत्र अध्याय आहे आणि आंबट-कडू ढेकर, कंठाचा व छातीचा दाह ही लक्षणे त्यात नोंदलेली आहेत. वाग्भटाने अष्टांगहृदयात जठराचे चार भाग कल्पून दोन घन अन्नाने आणि एक द्रवाने भरावा व चौथा वायूच्या संचारासाठी मोकळा ठेवावा, असे सांगितले. आणि चरकाने पूर्वीचे अन्न पचण्याआधी पुन्हा जेवणे, पथ्य आणि अपथ्य एकत्र करून खाणे, तसेच अवेळी, कमी वा अधिक खाणे हे तीन आहारदोष निरनिराळे करून दाखविले. यांतला तिसरा दोष आज इतका सार्वत्रिक झाला आहे की तो दोष आहे हेच आपण विसरलो आहोत. ग्रंथांतली ही वचने सामान्य कुटुंबात कोणी वाचीत नसे, पण त्यांचे सार शतपावली आणि वामकुक्षी या दोन घरगुती सवयींत उतरलेले होते. जठराची ठेवणच अशी आहे की डाव्या कुशीवर निजले असता त्यातला ऐवज अन्ननलिकेच्या तोंडाच्या खालच्या पातळीवर राहतो, आणि उजव्या कुशीवर निजले असता तो त्या तोंडावर येऊन टेकतो. म्हणूनच रात्रीच्या जळजळीने त्रस्त असलेल्या रुग्णाला आजचा डॉक्टरही डाव्या कुशीवर झोपण्याचा आणि पलंगाच्या उशाकडील पायांखाली विटा घालून ती बाजू सहा-आठ इंच उचलून घेण्याचा सल्ला देतो. (दोन उशा डोक्याखाली कोंबल्याने हे काम होत नाही, त्याने मान वाकते, पोट दाबले जाते आणि त्रास उलट वाढतो.) दुपारी पंख्याखाली दोन तास घोरत पडणे म्हणजे वामकुक्षी नव्हे, हे अर्थात वेगळे सांगावयास नको.

मग ही शिस्त मोडली कशाने? रसनालौल्याने म्हणावे, तर आपले आजोबा काही कमी खवय्ये नव्हते. मला वाटते, ती मोडली आपल्या शहरांच्या वेळापत्रकाने. मुंबईत 1890 पासून डबेवाल्यांची परंपरा चालत आली असून, त्या चोख व्यवस्थेमुळे दुपारचे घरचे अन्न कित्येक नोकरदारांच्या पुढ्यात वेळेवर येते. परंतु रात्रीच्या जेवणाची अशी तजवीज कोणीच केलेली नाही. सातला कचेरी सुटते, विरार किंवा कर्जत गाठेपर्यंत नऊ वाजतात, घरी पोहोचून हातपाय धुऊन पान मांडले जाते तेव्हा घड्याळात दहा होत आलेले असतात, आणि दिवसभर चहा-बिस्किटांवर काढलेला तो जीव, सर्वांनी एकत्र जेवावयाची हीच काय ती वेळ म्हणून, दिवसातले सर्वांत मोठे जेवण त्या सर्वांत अयोग्य मुहूर्तावर करतो. समोर दूरचित्रवाणीवरची मालिका चाललेली असते आणि तिच्यातल्या सासू-सुनांचा कलह घासागणिक पोटात उतरत असतो. मनाचा आणि जठराचा संबंध ही केवळ कविकल्पना नव्हे. 1822 साली अमेरिकेतील मॅकिनॅक बेटावर अलेक्सिस सेंट मार्टिन या तरुणाच्या पोटात बंदुकीचा बार लागून जी जखम झाली, ती बाहेरून कधीच पूर्ण बुजली नाही, आणि त्या छिद्रातून विल्यम ब्यूमाँट या लष्करी वैद्याने वर्षानुवर्षे जठराच्या कामाचे प्रत्यक्ष अवलोकन करून 1833 साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. सेंट मार्टिन संतापला असता त्याचे पचन बिघडते, हे ब्यूमाँटने डोळ्यांनी पाहिले होते. आपल्याकडे जेवताना भांडू नये म्हणत, ते निव्वळ शिष्टाचारासाठी नसावे.

उपवासाच्या दिवसाविषयी एक शब्द बोलल्यावाचून राहवत नाही. जठराला विसावा द्यावा हा ज्याचा उघड हेतू, त्या दिवशी सकाळी रिकाम्या पोटी दोन वेळा चहा, दुपारी शेंगदाण्याच्या कुटात आणि तुपात परतलेली साबुदाण्याची खिचडी, चौथ्या प्रहरी बटाट्याचा तळलेला कीस आणि रात्री उपवास सोडताना पुरणपोळी, असा कार्यक्रम आपण श्रद्धापूर्वक पार पाडतो. ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ ही म्हण आपल्याच लोकांनी आपल्याविषयी रचलेली आहे. याउलट, सूर्यास्तापूर्वी भोजन आटोपण्याचा जैन कुटुंबांतील चौविहाराचा नियम धर्माच्या आज्ञेने का होईना, पण अन्ननलिकेवर मोठे उपकार करणारा आहे.

वनौषधींची मला अवज्ञा करावयाची नाही. तक्रार आहे ती त्या सरसकट, ताळतंत्र न पाहता घेतल्या जातात याविषयी. जेवणानंतरचा जडपणा आणि पोटातला वारा ही एक गोष्ट, आणि छातीतली आग ही दुसरी. ओवा, हिंग, सुंठ, लसूण ही सारी पहिलीची औषधे. ती उष्ण व तीक्ष्ण असल्यामुळे दुसरीत दिल्यास आगीत तेल ओतल्यासारखे होते, आणि तरीही छातीला हात लावून बसलेल्या माणसाला आपण ओव्याची फक्कीच देतो. दाह असेल तेथे वैद्य धणे, बडीशेप, काळ्या मनुका, शतावरी, ज्येष्ठमध आणि साळीच्या लाह्या यांकडे वळतो. यांतले ज्येष्ठमध मोठे गुणी खरे, पण दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास हॉलंडमधील एका डॉक्टराने जठरव्रणावर त्याचा अर्क वापरला तेव्हा त्याचा गुणही दिसला आणि काही रुग्णांच्या अंगावर सूजही आली. ते दीर्घकाळ घेतल्यास रक्तदाब चढतो व शरीरातले पोटॅशियम उतरते, हे आता सुस्थापित आहे. तेव्हा रक्तदाबाच्या रुग्णाने ते वैद्याच्या देखरेखीवाचून घेऊ नये. घरोघरी दिसणाऱ्या अविपत्तिकर चूर्णात सर्वांत मोठा वाटा साखरेचा आणि त्याखालोखाल निशोत्तराचा, म्हणजे रेचकाचा आहे, ही गोष्ट मधुमेही घेणाऱ्यांना ठाऊक असते काय? मोरावळाही साखरेच्या पाकातच मुरतो. पुदिना थंड लागतो, म्हणून जळजळीवर त्याचा अर्क घेण्याची वहिवाट आहे, पण तो अन्ननलिकेच्या तळाचे कडे सैल करणाऱ्या पदार्थांत मोडतो. सोलकढीविषयी कोकणी वाचकांचा रोष पत्करूनही इतके म्हणतो की आमसुलाचा आंबटपणा नारळाच्या दुधाने झाकला जातो, नाहीसा होत नाही. ज्याला ती सोसते त्याने ती खुशाल प्यावी, ज्याच्या घशाशी येते त्याने केवळ परंपरेच्या अभिमानाखातर पिऊ नये. थंड दुधाने क्षणभर बरे वाटते, परंतु त्यातील प्रथिने आणि चुना जठराला नवे आम्ल स्रवण्यास प्रवृत्त करतात. आणि खाण्याच्या सोड्यातला क्षार रक्तदाबवाल्याला मुळीच हितकर नाही.

आधुनिक औषधांशीही माझे वैर नाही. जठरव्रणाच्या मागे बहुधा एक जंतू असतो, हे 1982 साली ऑस्ट्रेलियात बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी त्याचा छडा लावून पुढे सप्रमाण दाखविले व त्याबद्दल 2005 चे नोबेल पारितोषिक मिळविले. असा जंतू असल्यास तो प्रतिजैविकांनी घालवावा लागतो, तेथे मनुकांचे पाणी काय करणार? आम्ल कमी करणाऱ्या ज्या कॅप्सुला आज सर्रास घेतल्या जातात, त्यांनी अन्ननलिकेचे व्रण भरून येतात आणि असंख्य रोग्यांना त्या वरदान ठरल्या आहेत. परंतु जेवणाआधी अर्धा तास आणि डॉक्टराने सांगितलेल्या मुदतीपुरती घ्यावयाची ही गोळी, रात्री अकराच्या बिर्याणीला मिळालेला परवाना म्हणून वर्षानुवर्षे गिळली जाते. आणि ती एकाएकी थांबविली असता काही दिवस आम्ल पूर्वीपेक्षा अधिक उसळते, त्यामुळे मनुष्य घाबरून पुन्हा तिच्याकडेच वळतो. अंगदुखीच्या गोळ्या उपाशीपोटी खाणे आणि सकाळी उठल्याबरोबर दातांना मिश्री लावणे, या दोन सवयी सोडल्यावाचून या गोळ्यांचाही पुरता उपयोग होत नाही.

आणखी एक बाब सर्वांत गंभीर असूनही थोडक्यात सांगण्याजोगी आहे. अर्धे डोके ठणकणे आणि उलटी झाल्यावर बरे वाटणे याला आपल्याकडे पित्त समजून मिठाचे पाणी पिऊन ओकाऱ्या काढतात. तो पुष्कळदा अर्धशिशीचा विकार असतो आणि त्याची चिकित्सा निराळी आहे. गिळताना घास अडकणे, विनाकारण वजन उतरणे, शौचाला डांबरासारखे काळे होणे, उलटीत रक्त पडणे यांपैकी काहीही दिसल्यास घरगुती इलाजांचा विचारही मनात आणू नये. आणि छातीत दाटून येऊन घाम फुटला, कळ डाव्या हाताकडे वा जबड्याकडे सरकली, तर सोडा पीत बसणे म्हणजे हृदयविकाराला मोलाचा वेळ बहाल करणे होय. अशा वेळी 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

ज्यांना घरी पोहोचावयासच नऊ-साडेनऊ होतात, त्यांच्यापुढे ‘लवकर जेवा’ असा उपदेश करणे म्हणजे त्यांची थट्टा होय, हे मी जाणतो. त्यांनी सकाळी एकाऐवजी दोन डबे न्यावेत, साडेसहाच्या सुमारास कचेरीतच भाकरी-भाजी किंवा मुगाची खिचडी खाऊन घ्यावी, आणि घरी कुटुंबाच्या पंक्तीला केवळ वाटीभर पेज घेऊन बसावे. सहवास साधतो आणि जठरही मोकळे राहते. मालकवर्गाने आणि अधिकाऱ्यांनी या दहा मिनिटांना आडकाठी करू नये. लग्नघरांना मात्र एक स्पष्ट विनंती आहे. स्वागतसमारंभाच्या पत्रिकेवर ‘सायंकाळी सात ते दहा’ असे छापून जेवणाची झाकणे साडेनऊला उघडण्याचा जो प्रघात पडला आहे, तो मोडून सातच्या ठोक्याला पाने मांडावीत आणि पत्रिकेवर भोजनाची वेळ स्वतंत्रपणे छापावी. वधूवरांना आशीर्वाद देण्यासाठी पाहुणे जेवून झाल्यावरही आनंदाने रांगेत उभे राहतील.