कर्ज मंडळाच्या नावावर असावे

भिवंडी तालुक्यातील राहनाळच्या परिसरात, जेथे एकेकाळी भाताची खाचरे होती, तेथे आज गोदामांच्या रांगा उभ्या आहेत. आणि या स्थित्यंतरात पैसा खेळू लागला असला, तरी पोरांनी संध्याकाळी कबड्डी खेळावी अशी मोकळी जागा मात्र वर्षागणिक आक्रसत चालली आहे. आगरी-कोळ्यांच्या या पट्ट्यात कबड्डीचे वेड जुने. परंतु १९९० साली बीजिंगच्या आशियाई स्पर्धांत तिचा अंतर्भाव झाला, २०१४ पासून प्रो कबड्डी घरोघरी दिसू लागली, आणि मातीतल्या या खेळाला मॅटची, रात्रीच्या दिव्यांची, मुलींना कपडे बदलण्यासाठी स्वतंत्र खोलीची निकड भासू लागली. गावच्या क्रीडामंडळाला वर्गणीच्या पावतीपुस्तकातून हे सारे उभे करणे दुरापास्त आहे.

मग उरतात देणगी, कंपन्यांचा निधी आणि अनुदान. देणगीदार पुढाऱ्याची मर्जी निवडणुकीच्या हंगामाबरोबर फिरते. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या सातव्या अनुसूचीतील सामाजिक खर्चाच्या यादीत ग्रामीण खेळांच्या प्रशिक्षणाचा समावेश आहे खरा, पण कोणत्या गावाकडे पाहावे हे कंपनीच ठरवते. शासकीय अनुदानाची दरखास्त मंजूर होणे आणि रक्कम हाती पडणे यांत जो काळ जातो, त्यात खेळाडूंची एक पिढी मैदान सोडून नोकरीला लागते. या तिन्ही मार्गांपेक्षा मला कर्जाचा मार्ग अधिक स्वाभिमानाचा वाटतो. कारण ज्या मंडळाला दरमहा हप्ता भरायचा आहे, त्याला जमाखर्च चोख ठेवावा लागतो, सकाळी व्यायामशाळा गावातील स्त्रियांना व वृद्धांना माफक शुल्कात खुली करावी लागते, सभागृह लग्नकार्याला द्यावे लागते, आणि अशा रीतीने फेडीच्या निमित्तानेच ते साऱ्या गावाच्या उपयोगी पडते.

अडचण कायद्यात आहे, आणि ती आरंभी सद्‍हेतूनेच निर्माण झाली. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाचे कलम ३६अ असे सांगते की, धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वमंजुरीवाचून विश्वस्ताने न्यासासाठी कर्ज काढू नये. विश्वस्तांनी न्यासाची मिळकत गहाण टाकून बुडवू नये, हा त्यामागील विचार सर्वथा योग्य आहे. परंतु मॅटच्या किमतीएवढ्या कर्जासाठी ठाण्याच्या कचेरीत खेटे घालण्याऐवजी न्यास म्हणून नोंदलेल्या मंडळाचा कार्यकर्ता पतसंस्थेतून स्वतःच्या नावावर रक्कम उचलतो, मेहुण्याला जामीन ठेवतो. आणि उद्या त्याचे कमिटीशी बिनसले, की कर्ज त्याच्या माथी व मॅट मंडळाच्या ताब्यात, असा तंटा उभा राहतो. निःस्वार्थी माणसाच्या घराला असा घोर लावणे हा अन्याय आहे.

आयर्लंडमध्ये १८८४ साली स्थापन झालेल्या गेलिक क्रीडासंघाची मंडळे खेडोपाडी पसरलेली आहेत. तेथे क्लॅन क्रेडो नावाची, १९९६ साली एका धर्मभगिनीच्या पुढाकाराने निघालेली वित्तसंस्था अशा सार्वजनिक मंडळांना त्यांच्याच नावावर कर्ज देते, आणि अनुदान हाती येईपर्यंतची मुदत त्या कर्जावर निभावता येते. ज्या महाराष्ट्रात विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी शेतकऱ्यांच्या भागभांडवलावर प्रवरेचा सहकारी साखर कारखाना उभारला, त्याला ही रीत परकी वाटण्याचे कारण नाही.

ठराविक मर्यादेपर्यंतच्या आणि मिळकत तारण न ठेवता काढलेल्या कर्जाला, लेखापरीक्षित ताळेबंद व सर्वसाधारण सभेचा ठराव जोडल्यास, ठराविक दिवसांत मंजुरी देण्याचा सर्वसाधारण आदेश धर्मादाय आयुक्तांनी काढावा. आणि मंजूर झालेल्या अनुदानाच्या हुकमावर मंडळाला आगाऊ रक्कम देणारी योजना जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेने आखावी. ठाणे जिल्ह्यात या कामाला आरंभ करायचा, तर राहनाळसारख्या, जमिनीचा भाव चढत असताना मैदान हरवत चाललेल्या गावांपासून करावा; कारण तेथे आज गमावलेली जागा उद्या कोणत्याही रकमेला परत मिळणार नाही.