लखलखाट ओसरल्यावर

दिवाळीच्या संध्याकाळी अंगणात भुईनळा लावला की एक गंमत होते. नळा भडकतो, पोरे टाळ्या पिटतात, आणि तो विझला की तुळशीपुढची पणती क्षणभर दिसेनाशी होते. पणती जळतच असते. दिपलेले असतात ते आपले डोळे! या साध्या गोष्टीचा अर्थ मला यंदा एका विहिरीने शिकवला. 'सर पुन्हा रूपकात शिरले,' असे माझे विद्यार्थी म्हणतील. पण विहीर खरी आहे.

आमचे मूळ घर पालघरजवळच्या माहीमला. मागे वाडी, पानवेली, केळी, आणि मधोमध वडिलांनी खणलेली विहीर. आई अजून तिचेच पाणी पिते. तिथून उत्तरेला तारापूरचे अणुवीजकेंद्र; १९६९ साली सुरू झालेले, देशातले पहिले. गेल्या गणपतीत कुणीतरी दादाच्या कानात घातले की, आपल्या विहिरींत युरेनियम उतरले आहे. झाले! दादा म्हणाला, विहीर बुजवा. मी म्हणालो, अफवांवर विहिरी बुजवतात काय? ओटीवर आमचे असे जुंपले की, आई मध्येच काहीतरी बोलली ते कुणाच्याच कानांत शिरले नाही. पुढे आठ महिने दादाचा आणि माझा अबोला.

तो मोडला भाच्याने. तो पदार्थविज्ञानाचा पदवीधर. पाणी तपासण्याच्या एका प्रयोगशाळेत नोकरीला. "मामा, युरेनियम म्हटले की लगेच तारापूर कशाला? ते मुळात खडकामातीतच थोडेफार असते. किती आहे, तेवढे पाहू या. बाटलीभर पाणी द्या."

मग त्याने मला यंत्र दाखवले. अशी यंत्रे आपल्याकडे इंदूरच्या राजा रामण्णा केंद्रातही तयार झाली आहेत. पाण्यात एक फॉस्फेटयुक्त द्रव घालतात आणि त्यावर नायट्रोजन लेसरचा अदृश्य, जंबुपार झोत सोडतात. झोत टिकतो सेकंदाच्या काही अब्जांश भागांपुरता. त्याने पाण्यातले युरेनियम हिरवे चमकते; पण इतके मंद की, डोळ्यांना पत्ताही लागू नये. ते टिपायला फोटोमल्टिप्लायर नावाची नळी असते. प्रकाशाचा एक कण आत पडला की एक इलेक्ट्रॉन सुटतो. तो पायरीपायरीने आपटत जातो, दर पायरीला संख्या वाढते, आणि शेवटी एकाचे लाखो होतात.

"पण इतक्या हळव्या नळीवर लेसरचा लखलखाट पडला, तर?" मी विचारले.

"तुमच्या भुईनळ्यासारखेच! ती दिपते. शिवाय पाण्यात पालापाचोळ्याचा अर्क असतो, तोही चमकतो. म्हणून नळीला दार ठेवतात. हे दार लाकडाचे नव्हे हं. एखाद्या पायरीचा विजेचा दाब क्षणभर उलटा केला की इलेक्ट्रॉन पुढे सरकत नाहीत. लेसर विझतो, पाल्याची चमकही अब्जांश सेकंदांत मावळते. युरेनियमची मात्र त्या फॉस्फेटमुळे कितीतरी मायक्रोसेकंद रेंगाळते. तेव्हा दार उघडायचे. मग जे दिसते, ते युरेनियमचेच."

मला मोठी मौज वाटली. उजेड वाढवून नव्हे, तर नेमका वेळ थांबून पाहायचे!

आमच्या विहिरीचा आकडा जागतिक आरोग्य संघटनेने घातलेल्या लिटरला ३० मायक्रोग्रॅमच्या मर्यादेहून पुष्कळच खाली निघाला. भाच्याने बजावलेही, "हे उत्तर फक्त युरेनियमचे. जंतू, क्षार, बाकीचे किरणोत्सारी पदार्थ यांच्या तपासण्या निराळ्या." दादाने त्याही करून घ्यायचे ठरवले, आणि या खेपेला मी वाद घातला नाही.

कागद घेऊन आम्ही दोघे भाऊ माहीमला गेलो. ओटीवर बसलो. बराच वेळ कुणी बोलेना. मग मला आठवले, आणि मी विचारले, "आई, त्या दिवशी तू मध्येच काय म्हणालीस गं?"

आई पानाला चुना लावत होती. मान वर न करता म्हणाली, "दुसरं काय म्हणणार? एवढंच म्हटलं होतं, की भांडता कशाला रे, आधी पाणी तपासून तरी घ्या."