पथ्याला तप म्हणू नका



मागच्या महिन्यात नात्यातल्या एका लग्नात जेवायला बसले होते. ताटात भात, भेंडीची भाजी, काकडी, बस. शेजारच्या मावशींनी कौतुकानं विचारलं, "आज द्रव्यांची मर्यादा घेतलीय वाटतं?" मी म्हटलं, "नाही हो मावशी, पोटाचा त्रास आहे, बाकीचं झेपत नाही." त्यांचा चेहरा लगेच बदलला. "अगं, मग थोडं तरी खा. लग्नाचं जेवण आहे, दोन घासांनी काय होतंय!" आणि माझ्या ताटात काजूकतली आली.

मी "हो, मर्यादा आहे" म्हटलं असतं, तर कोणी चमचाभर वाढायचं धाडस केलं नसतं. उलट अनुमोदना मिळाली असती. आपल्या समाजात नियमाला मान आहे आणि आजारी बाईच्या पथ्याला नाही. हे मी मावशींना दोष द्यायला लिहीत नाही, कारण या फरकाचा फायदा मी स्वतः दोन वर्षं घेतला आणि तो मला महागात पडला.

माझा त्रास अडतिसाव्या वर्षी सुरू झाला. जेवलं की पोट नगाऱ्यासारखं फुगायचं, कळा यायच्या, कधी चार-चार दिवस साफ नाही, तर कधी सकाळी पाच वेळा पळापळ. आम्ही कारेगावला राहतो. पुण्याला जायचं म्हटलं की आदल्या रात्रीपासून मी काही खायची नाही. नगर रस्त्यावर वाघोलीच्या ट्रॅफिकमध्ये गाडी अडकली आणि पोटात कळ आली तर बाईमाणसानं जायचं कुठे? ही भीती ज्यांना आहे त्यांना सांगायला नको, आणि ज्यांना नाही त्यांना सांगून कळत नाही.

त्याच वर्षी चैत्रातली ओळी केली. नऊ दिवस आयंबील, तेही जास्त करून भाताचं. आणि काय सांगू, पोट एकदम शांत! सगळे म्हणाले, तपाचा प्रभाव. मलाही तसंच वाटलं. पारणं झालं, दूध आलं, बेसन आलं, चार दिवसांत पोट पुन्हा जागच्या जागी. मग मी महिन्यातून दहा-बारा आयंबील करू लागले. पच्चक्खाण घेत होते, पण मनात कर्मनिर्जरा नव्हती, पोट होतं. वजन नऊ किलोनं उतरलं, केस गळायला लागले. स्थानकात बायका म्हणायच्या, "चेहऱ्यावर तेज आलंय." ते तेज नव्हतं, तपासल्यावर कळलं की हिमोग्लोबिन साडेआठ होतं.

माझं म्हणणं एवढंच आहे की आजाराच्या पथ्याला तप म्हणू नका. तप म्हटलं की कोणी प्रश्न विचारत नाही. डॉक्टरकडे कोणी नेत नाही. वजन उतरलं तर काळजी वाटायच्या जागी कौतुक होतं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे, ते कधी संपवायचं हे कोणी सांगत नाही. खऱ्या तपाला पारणं असतं. माझ्या त्या खोट्या तपाला नव्हतं.

शेवटी भावजय मला हाताला धरून पुण्याला पोटाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. त्यांनी आधी रक्त तपासलं, त्यात गव्हाच्या आजाराची, म्हणजे सिलिअ‍ॅकची तपासणीही होती. इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. पोट दुखतं म्हणून परस्पर गहू बंद करू नका. गहू बंद करून ही तपासणी केली तर आजार असूनही ती चुकीची चांगली येऊ शकते. सिलिअ‍ॅक निघालाच तर गहू आयुष्यभर, अगदी चिमूटभरही चालत नाही. बाजारातल्या बऱ्याच हिंगात मैदा मिसळलेला असतो, तोही नाही. शौचातून रक्त जाणं, विनाकारण वजन उतरणं, रक्त कमी होणं, रात्री झोपेतून उठून जावं लागणं, यातलं काहीही असेल तर घरगुती पथ्य करत बसू नका, आधी डॉक्टर.

माझ्यात सिलिअ‍ॅक निघाला नाही. दुर्बिणीतूनही काही दिसलं नाही. निघालं आयबीएस, म्हणजे आतडं दिसायला चांगलं पण स्वभावानं हळवं. रक्त मात्र मी न खाऊन कमी केलं होतं. डॉक्टरांनी आहारतज्ज्ञ बाईंकडे पाठवलं आणि तिथे 'फॉडमॅप' हा शब्द पहिल्यांदा ऐकला. ऑस्ट्रेलियात मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठात पीटर गिब्सन आणि स्यू शेफर्ड यांनी 2005 च्या सुमारास ही कल्पना मांडली. काही प्रकारच्या साखरा लहान आतड्यात नीट शोषल्या जात नाहीत. त्या पाणी ओढतात, पुढे मोठ्या आतड्यात जंतू त्यांना आंबवतात, वायू होतो. हा वायू सगळ्यांनाच होतो, पण हळव्या आतड्याला तो दुखतो. या साखरा कुठे असतात? कांदा-लसणात, गव्हात, डाळी-कडधान्यांत, दुधात, सफरचंद, आंबा, कलिंगडात, काजू-पिस्त्यात, फ्लॉवरमध्ये.

बाई यादी वाचत गेल्या आणि हसून म्हणाल्या, "इतरांना कांदा-लसूण सोडवताना माझा घाम निघतो. तुमचं निम्मं काम झालेलंच आहे." मलाही क्षणभर अभिमान वाटला. पण पुढचा विचार केला तर आपल्या स्वयंपाकाची गंमत कळते. कांदा, लसूण, बटाटा काढून आपण त्या जागी घालतो काय? बेसन. गट्टे, कढी, मुंगोडी, पापडाची भाजी, शेव. अष्टमी-चतुर्दशीला हिरवी भाजी नाही, म्हणजे त्या दिवशी ताट सगळं डाळीचं. पर्युषणात तर आठ दिवस तेच. वर पारण्याला दूध आणि काजूची मिठाई. मला सगळ्यात जास्त त्रास पर्युषणात का व्हायचा, याचं उत्तर तेव्हा मिळालं. आपलं जेवण सात्त्विक आहे, पण म्हणून प्रत्येकीच्या पोटाला हलकं असतंच असं नाही.

आणि ओळीत मला बरं का वाटलं, तेही कळलं. तपाचा काही चमत्कार नव्हता. नऊ दिवस दूध, बेसन, गहू पोटात गेलं नव्हतं, इतकंच.

या पथ्याचे तीन टप्पे असतात. पहिल्यात दोन ते सहा आठवडे हे सगळं बंद. दुसऱ्यात एकेक वस्तू परत खाऊन बघायची, आधी थोडी, मग जास्त, आणि वहीत लिहायचं. तिसऱ्यात जे झेपतं ते कायमचं ताटात परत. पहिला टप्पा जन्मभर करायचा नसतो, हे मला कोणी आधी सांगितलं असतं तर! आणि तो आपल्या मनानं, मोबाईलवर यादी बघून करू नये. आपण शाकाहारी, त्यात डाळ-दूध बंद केलं तर शरीराला प्रथिनं मिळणार कुठून? मला त्या आठवड्यांत शेंगदाणे, टोफू आणि थोडं पनीर सांगितलं होतं.

भाकरीसाठी लांब जायची गरज पडली नाही. आपल्या भागात ज्वारी-बाजरी काय कमी आहे? ज्वारीच्या कण्या, आमसुलाचं सार, भात, कच्च्या केळ्याची भाजी, जिरं घालून शेंगदाण्याची चटणी. तिथीच्या दिवशी केळ्याची भाजी वगळून हेच. डाळ करायची तर चार-पाच तास भिजवून ते पाणी फेकायचं, कारण त्रास देणाऱ्या साखरा बऱ्याचशा पाण्यात उतरतात. आज माझी वही सांगते, गव्हाचे दोन फुलके चालतात, तीन नाही. दही अर्धी वाटी चालतं, कपभर दूध नाही. मुगाची डाळ चालते, राजमा-छोले नाहीत. म्हणजे ज्या गोष्टी मी दोन वर्षं भीतीनं सोडल्या होत्या, त्यातल्या निम्म्या मला चालतच होत्या. तुमची वही वेगळं सांगेल.

घरात मुलगा म्हणाला, "आई, हे सगळं सोड आणि अंडी खा." त्याला म्हटलं, त्याची काही गरज नाही, धर्म माझ्या आजाराच्या आड आलेला नाही. आड आलं होतं ते माझं लपवणं. आपल्या पच्चक्खाणाच्या पाठातच आगार आहेत, आणि त्यातला एक असह्य वेदनेत समाधी टिकावी म्हणून औषध घेण्यासाठी आहे. ज्यांनी हे पाठ दिले त्यांना आजारी माणूस ठाऊक होता. आपणच त्याला विसरतो.

काहीजणी म्हणतील, पथ्यातही मन आवरावं लागतं, मग ते तपच की. आजार समतेनं सोसला तर ती निर्जराच, हे मला मान्य आहे. पण ते श्रेय समतेचं. काजूकतली न खाण्याचं नाही, कारण ती मी त्यागलेली नाही, मला ती पचत नाही. रसपरित्याग करणाऱ्याला ती पचते आणि तो सोडतो. दोन्हींना एकच नाव दिलं तर खऱ्या तपस्वींचाही मान कमी होतो.

या सगळ्यात तप कुठे असेल, तर ते मला घरातच दिसलं. सहा आभ्यंतर तपांत वैयावृत्त्य आहे, सेवा. आपण ती साधू-साध्वींपुरती ठेवतो. आमच्या सासूबाई सुरुवातीला म्हणायच्या, "भिजवलेलं पाणी फेकू नकोस, सत्त्व जातं." आता मी उठायच्या आत त्या स्वतः माझी डाळ वेगळी भिजवतात, अकराच्या सुमारास पाणी काढून टाकतात आणि त्याबद्दल एक शब्द बोलत नाहीत. शेजारीण म्हणाली, "सुनेसाठी वेगळा स्वयंपाक?" तर म्हणाल्या, "वेगळा कसला, एक पातेलं जास्त."

म्हणून मैत्रिणींनो, पुढच्या पंगतीत एखादीचं ताट रिकामं दिसलं तर "आज काय आहे?" एवढंच विचारा. ती "पोट बरं नाही" म्हणाली, तर त्या उत्तरालाही तोच मान द्या जो "आयंबील आहे" याला देता. आणि जी आज नियमाच्या आड दुखणं लपवतेय, तिनं निदान घरात एकाला तरी खरं सांगावं.

जिनाज्ञेविरुद्ध काही लिहिलं गेलं असेल तर मिच्छामि दुक्कडम्.