हक्कसोडावर सही करण्यापूर्वी

वडील वारतात. सातबारावर वारसांची नावे लावायची म्हणून भाऊ मुंबईहून मे महिन्यात गावी आलेल्या बहिणीला तालुक्याला नेतो. "ताई, सातबारासाठी तुझी एक सही हवी," म्हणतो. दुय्यम निबंधकासमोर ती सही करते. तो कागद हक्कसोडपत्राचा असतो, हे तिला पुढे वाटणीच्या वेळी कळते. रत्नागिरी जिल्ह्यातील वकिलांकडे जमिनीचे जे तंटे येतात, त्यातला हा नेहमीचा प्रकार.

"आपण बौद्ध, मग हिंदू वारसा कायदा आपल्याला कसा?" असे पुष्कळजण विचारतात. १९५६ च्या या कायद्याच्या कलम २ मध्येच बौद्धांचा समावेश आहे. वडिलांनी मृत्युपत्र केले नसेल, तर त्यांच्या स्वकष्टार्जित मिळकतीत पत्नी, मुलगे, मुली आणि हयात असल्यास आई यांचा सारखा वाटा असतो. वडिलोपार्जित मिळकतीतही ९ सप्टेंबर २००५ पासून मुलगी मुलाइतकीच हक्कदार आहे. वडील त्या दिवशी हयात असण्याची गरज नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी स्पष्ट केले.

वकील दावा लावण्याआधी कागद पाहतो : जुने फेरफार, सातबारा, आठ-अ, खरेदीखत, वंशावळ. सातबारा हा महसुली दप्तराचा उतारा आहे. केवळ त्यावर नाव नाही म्हणून बहिणीचा हक्क बुडत नाही. नोंदणी झालेल्या हक्कसोडपत्राने मात्र तो जातो. फसवणूक झाली असेल, तर ती कळल्यापासून तीन वर्षांत दावा लावावा लागतो, आणि फसवणूक शाबीत करणे सोपे नसते.

म्हणून न वाचता सही करू नये. कागद घरी आणून जाणत्या माणसाकडून वाचून घ्यावा. फेरफाराची नोटीस आली, तर पंधरा दिवसांत लेखी हरकत द्यावी व पोच घ्यावी. वकिलाच्या फीची चिंता नको. १९८७ च्या कायद्याने स्त्रियांना व अनुसूचित जातींना मोफत वकील मिळतो. त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा.

याच जिल्ह्यातील कुळांच्या मानेवरचे खोतीचे जोखड उतरावे, म्हणून बाबासाहेबांनी १९३७ साली मुंबई विधिमंडळात विधेयक मांडले होते. जमिनीचा तुकडा किती मोलाचा, हे आपल्याला वेगळे सांगायला नको. भावाला हिस्सा प्रेमाने द्यायचा असेल, तर जरूर द्यावा. पण काय देतो आहोत, ते समजून द्यावे.