पळवाटांचा राजमार्ग

करचुकवेगिरी हा गुन्हा. करटाळणी मात्र कायद्याच्या चौकटीत राहून केलेली चतुराई, असा भेद विधिज्ञ करतात. परंतु ज्याच्या वेतनातून कर परस्पर कापला जातो, त्या शिक्षकाला वा कारकुनाला या भेदाचे कौतुक का वाटावे? त्याला ना चुकविण्याची सोय, ना टाळण्याची.

या चतुराईचे बीज शासनानेच पेरले. समाजवादाच्या भरात १९७३-७४ साली प्राप्तिकराचा सर्वोच्च दर अधिभारासह ९७.७५ टक्के होता. वरच्या टप्प्यातील शंभर रुपयांपैकी मिळविणाऱ्याच्या हाती सव्वादोन रुपये उरत! असे दर हेच करबुडवेगिरीचे आद्य कारण होय, हे माजी सरन्यायाधीश वांछू यांच्या समितीने १९७१ मध्येच बजावले होते. पुढे दर उतरले. १९९७ मध्ये १०, २० आणि ३० टक्के असे तीनच टप्पे आले. सवलतींचे जंगल मात्र दाटच राहिले. २००२ मध्ये केळकर समितीने त्यावर कुऱ्हाड सुचविली, तेव्हा प्रत्येक सवलतीला कोणी ना कोणी वाली निघाला.

प्रत्येक सवलत हे एक दार असते आणि त्याची किल्ली सल्लागार ठेवू शकणाऱ्याच्याच हाती पडते. शेतीचे उत्पन्न केंद्रीय प्राप्तिकरातून मुक्त आहे ते राबणाऱ्या शेतकऱ्यासाठी. पण त्याच आडोशाला शहरी धनिकाचा अन्य पैसाही ‘शेतीचा’ होऊन येतो. हिंदू अविभक्त कुटुंब ही तर करदृष्ट्या स्वतंत्र व्यक्ती! एकत्र कुटुंबाची परंपरा घराघरांतून ओसरली. करविवरणपत्रात ती सुखेनैव नांदते आहे.

१ एप्रिल २०२६ हा अंमलारंभ असलेल्या नव्या प्राप्तिकर कायद्याने ८१९ कलमांची ५३६ केली, शब्दसंख्या जवळजवळ निम्म्यावर आणली. हे काम स्वागतार्हच आहे. परंतु भाषा सोपी होणे निराळे आणि कर सोपा होणे निराळे. सवलतींची जुनी आणि सवलतींविना कमी दरांची नवी, अशा दोन्ही पद्धती कायमच आहेत. करदात्याने दोन्ही हिशेब मांडून स्वस्त तो निवडायचा. २०२५-२६ पासून नव्या पद्धतीत बारा लाखांपर्यंतच्या सर्वसाधारण उत्पन्नाला कर लागत नाही. मग जुनी पद्धत कोणासाठी जपायची? ती बंद करण्याचे वर्ष अर्थमंत्रालयाने आताच जाहीर करावे आणि शेती-उत्पन्नाच्या मोठ्या दाव्यांना सातबारा व पिकाच्या विक्रीपावत्यांची जोड सक्तीची करावी.